शिक्र्यासाठी ठेवलेलं झाड

पक्ष्यांचं मला कधीच काही वाटलं नव्हतं. माझं सगळं आयुष्य बेंगळुरात टेलिफोनच्या नोकरीत गेलं. तिथं पक्षी म्हणजे तारांवर बसून घाण करणारे कावळे आणि पारवे. पक्ष्यांचं वेड अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं. तिनं लग्न केलं नाही, जन्मभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. माझी बायको गेल्यावर आम्ही भाऊ-बहीण आनेकलच्या पलीकडे राहायला आलो. वडिलांनी कधीकाळी तिथं जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला होता, त्यावर दोन खोल्या आणि पडवी बांधली. मला शांतता हवी होती आणि अक्काला पक्षी. शांतता काही मिळाली नाही. उजाडायच्या आतच टिटव्या आणि साळुंक्या कटकट सुरू करायच्या आणि त्यांच्या पाठोपाठ अक्का हाका मारायची, 'तम्मा, बाहेर ये.' आमच्या घरात धाकट्या भावाला तम्माच म्हणतात, साठी उलटली तरी. मी चहा तसाच टाकून बाहेर जायचो, तोवर जे काय असेल ते उडून गेलेलं असायचं.

तिचा जीव शिक्र्यावर होता. शिक्रा म्हणजे छोटा ससाणाच समजा, पारव्याएवढा, राखाडी पाठीचा, लाल डोळ्यांचा. आमच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्याची सिल्व्हर ओकची दाट लागवड होती, त्यात एक जोडी असायची. नर कधी समोरच्या फांदीवर दिसायचा, पण बहुतेक वेळा नुसता त्याचा आवाज यायचा, तीक्ष्ण, दोन तुकड्यांत तोडलेला. तो आवाज आला की मी मोठ्या ऐटीत सांगायचो, 'अक्का, तुझा शिक्रा.' ती हसून तारेकडे बोट दाखवायची. तारेवर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल बसलेला असायचा. हा पक्षी शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो आणि इतर पक्ष्यांना घाबरवतो. मी दर वेळी फसायचो. अक्का कधीच फसली नाही. डोळे मिटून बसलेली असली तरी खरा कुठला आणि खोटा कुठला ते ती सांगायची, आणि माझ्या कानांचा उद्धार करायची.

गेल्या थंडीत तिला दम लागायला लागला. आधी विहिरीपर्यंत जाताना, मग नुसतं पडवीत येताना. शहरातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची एक झडप आखडली आहे, ऑपरेशन करून बदलावी लागेल, आणि फार थांबू नका. अक्कानं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर नाही म्हणाली. मी समजावलं, ओरडलो, दोन दिवस बोलणं टाकलं. माझा स्वभाव तापट आहे आणि तिच्यापुढे तो कधी चालला नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की या वयात मला कापाकापी नको.

फाल्गुनात शिक्र्यांनी घरटं बांधायला घेतलं. कुंपणापासून चौथ्या-पाचव्या झाडावर, शेंड्याजवळच्या बेचक्यात काटक्यांचा ढीग दिसायला लागला. पडवीतल्या खुर्चीवरून तो नेमका दिसायचा. मग मादी बसली ती बसलीच. नर सरडे, चिमण्या घेऊन यायचा, एकदा तर उंदीरही आणला, शेजारच्या फांदीवरून तिला हाक मारायचा, ती येऊन घ्यायची. अक्का सकाळी खुर्चीत बसायची ती जेवायलाच उठायची. तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मी संधी साधली आणि पुन्हा ऑपरेशनचा विषय काढला. तिनं घरट्यावरची नजर न हलवता सांगितलं, "पिल्लं उडू दे, मग येते. स्वल्प थांब की तम्मा."

मला एवढा आनंद झाला की मी त्या दिवशी शिरा केला. कारण अक्कानं शब्द दिला की तो दगडावर कोरल्यासारखा. कुणाला गुरुवारी ब्लाऊज शिवून देते म्हणाली की तापानं फणफणली असली तरी गुरुवारी द्यायची. डॉक्टरांना फोन करून मी मेअखेरची वेळ ठरवून टाकली. त्या दिवसापासून मी शिक्र्यांचा रखवालदार झालो. कावळा दिसला की टाळ्या वाजवायचो. ज्या माणसाला बुलबुल आणि साळुंकी यांतला फरक कळत नव्हता, तो रोज सकाळी दात घासत घरट्याखाली उभा राहायला लागला. तीन पिल्लं निघाली. पांढऱ्या कापसाच्या बोळ्यांतून चोची दिसायच्या. अक्काच्या बरोबरीनं मीही बघत बसायचो. पण खरं सांगायचं तर मी पिल्लं बघत नव्हतो, मी तिचं ऑपरेशन बघत होतो.

आणि नेमकं तेव्हाच शेजाऱ्यानं सिल्व्हर ओक विकले. प्लायवूडच्या कारखान्याचा माणूस येऊन झाडांवर चुन्याच्या खुणा करून गेला, तेव्हा मला कळलं. शेजारी माझ्यापेक्षा वयानं लहान, पण आम्ही त्याला अण्णाच म्हणायचो. नाचणी, नारळ आणि ही झाडं, असा त्याचा कारभार. मी चप्पल घातली आणि तडक त्याच्याकडे गेलो. अक्काची तब्येत, घरटं, ऑपरेशन, सगळं सांगितलं. त्या झाडाला हात लावू नका, म्हटलं. अण्णा भला माणूस. तो लगेच 'सरी', म्हणजे बरं, म्हणाला. त्याच्या बायकोनं आतून ताक आणून दिलं आणि पक्ष्याचं घर मोडायचं नसतं म्हणून माझीच बाजू घेतली. इतक्या सहज काम झालं की मला संशय आला होता. तरी घरी येऊन मी छाती फुगवून सांगितलं की झाड राहणार. अक्कानं माझ्या हातावर हात ठेवला, एवढंच.

चार-पाच दिवस करवतीचं यंत्र ओरडत होतं. अक्कानं कानात कापूस घातला आणि खुर्ची सोडली नाही. शिक्रे घिरट्या घालत ओरडायचे, यंत्र थांबलं की मादी परत घरट्यात यायची. एक-एक झाड आडवं होत होतं आणि आमच्या पडवीत कधी न आलेलं ऊन यायला लागलं. शेवटी लॉरी भरून गेली, माणसं गेली, आणि अण्णा कुंपणाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "तुमचं झाड ठेवलंय, सार," तो कन्नडमध्ये म्हणाला. "कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही." सगळीकडे तोडलेल्या झाडांचे खुंट आणि वाळलेला पाला. मधोमध ते एकटं उंच झाड, आणि त्याच्या शेंड्यावर घरटं, चारी बाजूंनी उघडं. मी अण्णाचे हात हातात घेऊन आभार मानले. खरोखर मनापासून मानले. मागून अक्का हळूच म्हणाली, "हे असं ठेवलं?"

मला तिचा राग आला. एवढं करून काही कौतुक नाही, असं वाटलं. ती काय बघत होती ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं. कालपर्यंत घरटं रानात लपलेलं होतं, आज ते अर्ध्या मैलावरून दिसत होतं. कावळ्यांनी सकाळीच ओळखलं. ते दोघे-तिघे मिळून यायचे, एक मादीला उठवायचा आणि दुसरा आत चोच घालायला बघायचा. दुपारी ऊन थेट पिल्लांवर पडायचं, म्हणून मादी पंख पसरून उभी राहायची, चोच उघडी टाकून. नराची शिकारही गेली होती. दाट झाडीत दबा धरून तो सरडे आणि चिमण्या पकडायचा. आता दबा धरायला जागाच नव्हती. तो लांब कुठंतरी जायचा आणि पुष्कळदा रिकामा परत यायचा. मी झाड मागितलं होतं. मला रान मागायला हवं होतं. पण रान कुणी मागून देतं का? विकलेलं रान होतं ते, माझ्या बहिणीच्या हृदयासाठी कारखान्याचा माणूस कशाला थांबेल?

एक पिल्लू घारीनं नेलं. ते आम्ही दोघांनी बघितलं. दुसरं वळवाच्या वाऱ्यात पडलं. एकटं झाड इतकं हलत होतं की अक्का खुर्चीचे हात धरून बसली होती. मी धावत गेलो, ते पिल्लू खुंटांमध्ये सापडलं, मान मोडलेलं. तिसरं कावळ्यांनी नेलं असावं. मी अंघोळ करून आलो तेव्हा मादी घरट्याच्या काठावर गप्प बसली होती आणि अक्कानं डोळे मिटले होते. मग मादी दोन दिवस विजेच्या खांबावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी ती दिसली नाही, नर तर आधीच दिसेनासा झाला होता.

मग मे संपत आला तसं मी बॅगेत अक्काच्या दोन साड्या, तिची औषधं, डॉक्टरांचे कागद भरले आणि पडवीत जाऊन उद्या निघायचं आहे असं सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"पिल्लं उडाली की येते म्हणाले होते," ती म्हणाली. "उडाली कुठं?"

मी तिला काय काय नाही बोललो. हट्टी म्हणालो, स्वार्थी म्हणालो, पाखरांच्या नावानं जीव द्यायला निघालीस म्हणालो. बॅग जमिनीवर आपटली. ती ऐकत राहिली. शेवटी मी तिच्या पायाशी बसून रडलो आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. पण उठली नाही. तिला बरं व्हायचंच नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तिला एकदाच काहीतरी नीट पार पडलेलं बघायचं होतं, आणि ते बघून जे बळ आलं असतं त्यावर ती ऑपरेशनच्या टेबलावर झोपली असती. ते बळ मी तिला कुठून आणून देणार होतो? माझ्याजवळच ते नव्हतं.

आषाढात तिचे पाय सुजले. मी तिला न विचारता गाडी बोलावली आणि शहरात नेलं. ती भांडली नाही. डॉक्टर तपासून म्हणाले की आता हृदय ऑपरेशन झेपण्याच्या पलीकडे गेलं आहे. गोळ्या बदलून दिल्या आणि घरी न्या म्हणाले. परतीच्या रस्त्यात ती खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर मी तिला खुर्चीत बसवलं, आणि समोर ते झाड होतंच, रिकामं घरटं घेऊन.

"ते झाड बघवत नाही रे," अक्का म्हणाली. "पाडायला सांग."

जे झाड वाचवायला मी चप्पल घालून धावलो होतो, ते पाडा म्हणून सांगायला मी तीच चप्पल घालून अण्णाकडे गेलो. तो नारळ सोलत होता. त्याला धड कळलंच नाही. आल्या-गेल्याला तो ते झाड दाखवायचा, सारांसाठी ठेवलं म्हणून सांगायचा. मी पुन्हा सांगितलं तेव्हा त्यानं हातातला नारळ खाली ठेवला आणि कानामागे खाजवलं. "एका झाडासाठी लॉरी कोण पाठवणार, सार?" तो म्हणाला. करवतवाले होसकोटेकडे गेलेत, इकडे पुन्हा मोठं काम निघालं की बघू, स्वल्प थांबा. तो काही चुकीचं बोलत नव्हता. मी परत आलो.

झाड हलवता येत नव्हतं, म्हणून मी खुर्ची फिरवली. आता अक्का रस्त्याकडे तोंड करून बसते. तिकडे आनेकलची बस, दुधाची गाडी आणि कारखान्यातून सुटलेल्या मुली दिसतात. ती त्यांच्याकडे बघते की नाही, कोण जाणे. बोलणं कमी झालंय, दम पुरत नाही. बहुतेक वेळ डोळे मिटलेले असतात.

काल दुपारी मी तिच्या शेजारी भाजी निवडत बसलो होतो. मागच्या बाजूनं तो आवाज आला, तीक्ष्ण, दोन तुकड्यांत तोडलेला. अक्कानं डोळे उघडले. तिला मागे वळता येत नाही. तिनं माझा हात चाचपून धरला.

"शिक्रा आला काय रे, तम्मा?"

मी वळून बघितलं. तारेवर कोतवाल बसला होता, शेपटी हलवत. तिचा हात माझ्या हातात तसाच होता आणि ती वाट बघत होती.

मी हो म्हणालो.