डोनलसाहेबांकडून शिकलेलं थांबणं

दाभोळच्या स्टँडवर मला मुंबईच्या गाडीत बसवून द्यायला बाबांनी निम्मा गाव गोळा केला होता. बाबा एसटीत कंडक्टर. भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असा त्यांचा आवाज, आणि मुलगा माझ्यासारखा तोतरा. ब, प, म ही ओठ मिटून म्हणायची अक्षरं आली की मी तिथेच रुतायचो. खिडकीतून मी "बाबा, येतो" म्हणायला गेलो आणि पहिल्याच 'बा'वर अडकलो. तेवढ्यात ड्रायव्हरने गिअर टाकला, तेव्हा बाबांनी नेहमीप्रमाणे माझं वाक्य स्वतःच उरकलं. "येतो म्हणतोय. ये, ये. पोचलास की फोन कर." गाडी हलली. माझा 'बा' दापोली येईपर्यंत तोंडातच होता.

लहानपणापासून माझी निम्मी वाक्यं बाबांनीच पूर्ण केली. दुकानात, शाळेत, मला मुलगी बघायला नेलं तिथेसुद्धा. त्यात माया होती हे आता कळतं. तेव्हा चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खरं सांगायचं तर घर सोडताना मला रडू आलं नाही. सुटलो एकदाचा, असं वाटलं. मागे राहिलेल्यांना हे वाचून वाईट वाटेल, पण माझ्यासारखे जे आखातात आले, त्यांतले काहीजण मनातल्या मनात मान डोलावतील.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. सौदीत अबकैकला तेलाच्या प्लान्टवर एका कंत्राटदाराकडे मी हेल्पर म्हणून लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की माझं तोतरेपण इथे कोणाला कळतच नाही. खोलीत एक मल्याळी, एक नेपाळी, एक फिलिपिनो. हिंदी कोणाचीच धड नाही, इंग्रजीचा तर आनंदच. जो तो शब्द शोधत मध्येच थांबायचा. फोरमन 'यल्ला, यल्ला' म्हणत घाई करायचा, पण ती सगळ्यांनाच. मी 'प'वर अडकलो की समोरच्याला वाटायचं, याला इंग्रजी शब्द आठवत नाहीये. इतक्या निवांतपणे मी जन्मात कधी बोललो नव्हतो.

हे सुख तीन वर्षं टिकलं. मग मला बढती मिळाली आणि पंचाईत झाली. फील्ड ऑपरेटर झालो, म्हणजे हातात वॉकीटॉकी आली. प्लान्टवर तिला सगळे रेडिओच म्हणत. कुठला वाल्व्ह बंद केला, प्रेशर किती, सगळं त्यावर बोलून कंट्रोल रूमला कळवायचं. दोन महिन्यांनी रेडिओवर बोलण्याची परीक्षा होती. जुन्या जागेवर दुसरा माणूस आला होता, त्यामुळे नापास झालो तर खलास. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द आणि थेट दाभोळ. आणि बोलता येत नाही म्हणून परत आलो, हे गावभर माझ्या वतीने बाबांनीच सांगितलं असतं.

शिकवायला डोनलसाहेब होते. साठीचे, लालबुंद चेहऱ्याचे आयरिश गृहस्थ. पहिल्या दिवशी दुसऱ्या युनिटमधले दोन आयरिश इंजिनिअर निव्वळ त्यांच्याशी हात मिळवायला वर्गात आले. साहेब आयर्लंडमधले नावाजलेले रेडिओ निवेदक होते, हे आम्हाला त्या दोघांकडूनच कळलं. त्यांच्या भागात म्हणे गायींच्या धारा साहेबांचा सकाळचा कार्यक्रम ऐकत काढायचे. लग्नाची आमंत्रणं काय, दुकानांची उद्घाटनं काय. मग रेडिओ स्टेशन नव्या मालकांनी घेतलं आणि त्यांना तरुण आवाज हवासा झाला. "शुक्रवारी फुलं दिली, सोमवारी माझ्या जागी दुसरा," साहेब म्हणाले आणि मनापासून हसले.

माझी पाळी आली. मी बटण दाबलं, "प..." आणि पुढे काही नाही. मागे कोणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी मला शब्द सुचवला नाही की घड्याळाकडे पाहिलं नाही. नुसते थांबले. वर्ग सुटल्यावर मला बसवून घेतलं आणि म्हणाले की लहानपणी तेही असेच बोलायचे.

त्यांच्याकडे गावाकडच्या रेडिओवर रोज कोण वारलं, अंत्यविधी कधी, ते वाचून दाखवतात. साहेबांना पहिलं काम तेच मिळालं. पहिल्याच दिवशी ते गेलेल्या माणसाच्या नावावर अडकले. पाच-सहा सेकंद रेडिओ गप्प. नोकरी गेली असं समजून ते घरी जाऊन झोपले. चार दिवसांनी त्या माणसाच्या बायकोचं पत्र आलं. माझ्या नवऱ्याचं नाव घेण्याआधी तुम्ही किती आदराने थांबलात, असं लिहून तिने आभार मानले होते. तिथून पुढे लोक साहेबांना त्या थांबण्यासाठीच ओळखू लागले.

"ऐकणारे थांबतात," साहेब म्हणाले. "घाई फक्त आपल्याला असते. बटण दाब, श्वास घे, मग बोल."

परीक्षेत मी दोनदा अडकलो. आकडे मात्र सगळे बरोबर पोचले. 'सावकाश, पण स्पष्ट', असा शेरा मिळाला. तो कागद खिशात घालून मी बाहेर आलो तेव्हा हसू थांबत नव्हतं.

त्या शुक्रवारी दुपारी टेलिफोन केबिनमधून घरी फोन लावला. "बाबा, मी प..." एवढंच झालं, तोवर बाबा आईला ओरडून म्हणाले, "अगो, परत येतोय म्हणतो!"

श्वास घेतला. म्हटलं, "बाबा, माझं मला बोलू द्या."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना अडवत होतो. पलीकडे फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "बोल," बाबा म्हणाले. "बसलोय मी."

मी अडकत अडकत सगळं सांगितलं. परीक्षा, पास, रेडिओ. बरीच मिनिटं गेली. बाबांनी एकही शब्द मध्ये घातला नाही.

आता माझी मुलं इंग्रजीतून विचारतात, आपलं घर नक्की कुठे? मी दाभोळ सांगतो. ज्या घरातून सुटलो म्हणून मला बरं वाटलं होतं, ते त्या दुपारी फोनवर मला परत मिळालं. तेव्हा माझं बोलणं संपलं तरी बाबांचं उत्तर येईना. मागून आईने विचारलं, "काय हो, फोन तुटला काय?" बाबांचा फक्त श्वास ऐकू येत होता, जड, अडकलेला. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं, त्यांचा शब्द मी सहज पुरा करू शकलो असतो. पण केला नाही. कानाला फोन लावून थांबलो.