डावी पोटरी

माझ्या हाताला गुण आहे, असं आमच्या गल्लीत म्हणतात. मंगलागौरीच्या देवळामागच्या या बोळात कुणाची मान धरली, कुणाची कंबर भरली, की बायका तेलाची वाटी घेऊन माझ्याकडे येतात. मी ते कौतुक ऐकून घेते. सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी याच हातांनी काय केलं, ते गल्लीला ठाऊक नाही. घरातही ते मी बोलले नव्हते. गेल्या महिन्यात बोलले. आता लिहूनही टाकते.

लग्न होऊन मी इथे उत्तरेत आले तेव्हा सासूबाईंना माझं फारसं काही पसंत नव्हतं. माझी आमटी पातळ, माझी रांगोळी वाकडी, माझं हिंदी ऐकून भाजीवाला हसतो. घरात मात्र एक रीत होती. देवापाशी दिवा लागला की सुनांनी सासूचे पाय दाबायचे. थोरल्या जाऊबाई, त्यांना मी ताई म्हणते, दाबायला लागल्या की सासूबाई ओरडायच्या, "अगं, पाय आहे तो, कणीक नाही." आणि मग मला हाक. माझा हात लागला की त्यांचे डोळे मिटायचे. "धाकटीच्या हातात झोप आहे हो," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. त्या घरात माझं म्हणून जे काही कौतुक होतं ते एवढंच, आणि मी त्याला फार जपलं.

त्या जपण्यातूनच मी पुढे शहरातल्या सिगरा भागात मालिश शिकायला जाऊ लागले. सासूबाई म्हणाल्या, "क्लास कसला लावतेस? घाटावर चटई टाकून बसलेत की मालिशवाले, बघून घे. फुकटात होईल."

शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी तेलाला हातच लावू दिला नाही. आधी विचारायचं, म्हणाल्या. ताप आहे का, कुठे हाड दुखावलंय का, जखम आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. मालिश आखडलेला स्नायू सैल करते, झोप आणते, दुखण्याचा थोडा विसर पाडते. दुखण्याचं मूळ त्याने जातंच असं नाही, आणि माणूस कळवळेपर्यंत दाबलं म्हणजे जास्त गुण येतो हेही खरं नाही. मग त्यांनी स्वतःच्या पोटरीवर हात ठेवला. "दोन्ही पाय दमले तर दमले. पण एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दाबली की दुखतेय, तर हात काढायचा. आत शिरेत रक्ताची गाठ असू शकते. ती सुटली तर थेट फुफ्फुसात. चोळायचं नाही, दाबायचं नाही, शेकायचं नाही. डॉक्टर." हे त्यांनी आमच्याकडून पाठ म्हणून घेतलं. मला आजही तोंडपाठ आहे. तेव्हाही होतं.

पुढच्याच वर्षीची गोष्ट. आश्विनात सासूबाईंना डेंग्यू झाला आणि त्या बरेच दिवस अंथरुणाला खिळल्या. उठल्या त्या कार्तिक स्नानाच्या तोंडावर. त्यातच त्यांनी लक्षवातींचा नेम धरला होता. कापसाच्या लाख वाती स्वतःच्या हाताने वळायच्या आणि कार्तिकात देवापुढे लावायच्या. तापामुळे मागे पडलेलं सगळं आता भरून काढायचं होतं. पाटावर डावा पाय अंगाखाली दुमडायचा, उजव्या नडगीवर पातळ सरकवून तिच्यावर वाती वळत बसायचं. दिवसाचा वाटा संपल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही हाही नेम. उठावं लागू नये म्हणून त्या पाणीसुद्धा पीत नसत. आम्ही पेला नेला की म्हणायच्या, "ठेव तिथे." संध्याकाळी पेला तसाच भरलेला असायचा.

त्यात भर म्हणून पहाटे पंचगंगा घाटाच्या पायऱ्या. आकाशदिवे अजून बांबूंवर हलत असायचे तेव्हा आम्ही खाली उतरायचो. वर येताना त्या डाव्या पायावर भार द्यायचं टाळू लागल्या. घरात कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. कार्तिकात पंचगंगा घाट चढणाऱ्या बाईचे पाय दुखणारच. दीर म्हणाले, "अम्मा, सीढीने धरलंय. धाकटीला सांगा." ताईही तेच म्हणाल्या. आमच्याकडे पायाच्या दुखण्याचं कारण वर्षातले अकरा महिने वय असतं आणि कार्तिकात पायऱ्या.

त्या संध्याकाळी ताईंनी मोहरीचं तेल लसूण घालून कडकडीत केलं आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. सासूबाईंनी पाय लांब केले. मी डाव्या पोटरीवर हात ठेवला आणि मला समजलं. उजवी गार होती, मऊ होती. डावी तापलेली, ताणलेली, कातडी चकाकणारी. अंगठा नुसता टेकला तरी त्यांनी ओठ आवळले.

मी म्हटलं, "आई, हा पाय सुजलाय. आज नको दाबायला. उद्या डॉक्टरांना दाखवू."

"उद्या? आणि वाती कोण वळणार, तुझे डॉक्टर?"

"नेमापेक्षा..."

"बरं बाई, कळलं. सासूच्या पायाला हात लावायला आता डॉक्टरची चिठ्ठी लागते. थोरले, तू ये गं. हिचा हात आता महाग झाला."

ताई पदराला हात पुसत उठल्या. त्या अजून उंबऱ्यातच होत्या. तेवढ्यात मी म्हटलं, "नको, मीच दाबते."

भीड होती असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. माझी जागा ताई घेतील हे मला सहन झालं नाही, हे उरलेलं अर्धं. मी हलकेच दाबेन असं मनाशी ठरवलं. पण त्या म्हणाल्या, "जोर कर, अंगात जीव नाही का?" आणि मी जोर केला. घोट्यापासून वर, गुडघ्याच्या खाचेपर्यंत, जिथे गाठ लागली असं वाटलं तिथे अंगठा रुतवून. मला शिकवलेलं सगळं त्या वेळी डोक्यात होतं, शब्दनशब्द. हात तरीही चालत राहिले.

"आता कसं वाटतंय?" मी विचारलं.

"सुटलं बघ," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे मिटले.

पहाटे त्या स्नान करून पायऱ्या चढत होत्या. मी ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन मागे. अर्ध्यावर त्या थांबल्या, भिंतीला हात लावला. मला वाटलं, दम खातायत. वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "श्वास पुरत नाहीये गं." तेवढंच. मग खाली बसल्या, आणि बसल्या बसल्या कलंडल्या.

इस्पितळात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि आम्हाला व्हरांड्यात विचारलं, "पैर में मालिश-वालिश की थी किसी ने?"

मी म्हटलं, "नहीं."

ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या बोटांना अजून लसणाचा वास येत असावा. त्यांनी ती पदरात गुंडाळली. डॉक्टर म्हणाले, गाठ असणार पायात, तीच फुफ्फुसात गेली, आपसे आप भी जाती है, कुछ कह नहीं सकते. हे त्यांचं वाक्य मी इतकी वर्षं पुरवून पुरवून वापरलं. आपसे आप भी जाती है. जात असेल. त्या दिवशी आपोआप गेली की माझ्या अंगठ्याने, हे कुणीच सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही. पण विचारलं होतं मला आणि मी खोटं बोलले होते.

तेराव्याला बायका जमल्या तेव्हा ताईच सगळ्यांना म्हणाल्या, "शेवटच्या संध्याकाळी धाकटीने पाय दाबले, तेवढाच आराम पडला बिचाऱ्यांना." मी मान खाली घातली. तेव्हापासून गल्लीत माझ्या हाताला गुण आहे.

यंदाच्या आषाढात ताई रामघाटाकडच्या बोळात शेणावरून घसरल्या. उजव्या घोट्याला प्लॅस्टर बसलं. गेल्या महिन्यात ते निघालं. दोन दिवसांनी त्या माझ्या खोलीत आल्या, खुर्चीत बसल्या आणि तेलाची वाटी खाली ठेवली. "प्लॅस्टरने पाय पार आखडून गेलाय. जरा मोकळा करून दे. सासूबाईंना द्यायचीस तसा."

त्यांनी साडी वर घेतली. उजवी पोटरी डावीपेक्षा जाड होती. मी हात लावला नाही, नुसता जवळ नेला. ऊब लागली.

मी हात मागे घेऊन मांडीवर ठेवले. ताई हसल्या, "काय गं, म्हातारी झालीस? दाब की."

"नाही दाबणार."

"का?"

"आईंचा पाय असाच होता. मला समजलं होतं, तरी मी दाबला. डॉक्टरांना नाही म्हणाले."

 ताईंनी साडी खाली ओढली. "तेल मीच तापवलं होतं ना," त्या म्हणाल्या. "तू डॉक्टरांना नाही म्हणालीस, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मीही त्यातच होते."

"मग तेराव्याला ते कशाला बोललात?"

"तू परत नाही म्हणतेस का, ते बघत होते."

मी त्यांना चालू दिलं नाही. पुतण्याने आणि शेजारच्याने खुर्चीतच उचलून बोळातून बाहेर आणलं. रस्त्याला ई-रिक्षा मिळाली. खड्डा आला की मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि त्या चिडायच्या, "घेतेय गं श्वास. बघू नकोस सारखी."

तपासणीच्या खोलीत तरुण डॉक्टरीण होती. पाय बघितल्याबरोबर तिने सोनोग्राफीचं लिहून दिलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "मालिश की है इसकी?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. उत्तर त्यांना देता आलं असतं, पण त्या थांबल्या.

"इसकी नहीं की," मी म्हटलं. "हमारी सास की की थी. ऐसा ही पैर था."

तिने लिहिणं थांबवून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. बाहेरून सोनोग्राफीसाठी ताईंचा नंबर पुकारला गेला. चाकाची खुर्ची मी ढकलू लागले, तर ताई मागे न वळता म्हणाल्या, "हळू."