आधी पेढे, मग मोजणी

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. भिवंडीतल्या कॉलेजात मी संशोधन करत होते आणि तिथल्या प्राणिघरात माझे अठरा उंदीर होते. विषय जंतांवरची लस. लस टोचली की शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, आतडं सावध होतं आणि जंतांना तिथे टिकणं जड जातं. हा निरोप मधेच अडवला तर लस फुकट जाते का, एवढंच मला बघायचं होतं. म्हणून सहा उंदीर बिनलशीचे, सहा लशीचे, आणि सहांना लस देऊन वर निरोप अडवणारं इंजेक्शन. मग सगळ्यांच्या पोटात जंत सोडायचे आणि लेंड्यांतली अंडी मोजायची. दिवाळीपर्यंत काही हाती लागलं नाही तर विषय बदला, असं सरांनी बजावलं होतं. म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

मी मुळात उतावळी. मोजणीला सुरुवात केली तीच शेवटच्या गटापासून. सहाही उंदरांत एक अंडं नाही! निरोप अडवूनही लस चालली होती. पुस्तकांत तर याच्या नेमकं उलट लिहिलेलं. म्हणजे पुस्तकं चूक आणि मी बरोबर! बाकीची मोजणी तशीच टाकून मी नाक्यावरून पेढे आणले आणि विभागभर वाटले. प्राणिघर सांभाळणाऱ्या मामांना दोन दिले. मामा खारबावचे, निवृत्तीला टेकलेले.

पेढा तोंडात टाकत त्यांनी खुशीत विचारलं, "गुण आला म्हंजे?"

"आला ना, मामा!"

दुपारी बिनलशीचे उंदीर तपासले. तिथेही अंडी नाहीत. लसच नाही, तर जंत गेले कुठे? तरातरा प्राणिघरात गेले.

"मामा, उंदरांना काही दिलंत का?"

"दिलं ना बाय. तूच म्हनालीस, यांच्या पोटात जंत हायेत. नातवाचं जंताचं औषद घरात व्हतं, पान्यातून पाजलं समद्यांना. मुक्या जिवाकडं कोन बघनार?"

मी अशी ओरडले की शेजारच्या कारखान्यातल्या लूमचा खडखडाटही कमी पडला. मामांचा चेहरा एवढासा झाला. मग माझीच मला लाज वाटली. दाणा-पाणी, भुसा, सगळं मी त्यांना सांगितलं होतं; जंत तसेच राहू द्यायचे आहेत, हे मात्र कधीच नाही.

सरांना सगळं खरं सांगितलं. ते आधी डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, "पेशींच्या निरोपांचा अभ्यास करता आणि दहा पावलांवरच्या माणसाला निरोप नाही? पुन्हा करा. होळीपर्यंत मुदत."

नवे उंदीर आले. या वेळी स्टुलावर बसून मी मामांना पहिल्यापासून सगळं समजावलं.

"मंग यांना तसंच ठेवायचं?"

"तसंच."

त्यांना ते पटलं नव्हतंच, पण ते उठून पिंजऱ्यांत दाणा भरू लागले.

होळीच्या आधी मोजणी केली, अगदी क्रमाने. बिनलशीच्यांत अंडीच अंडी. लशीच्यांत जेमतेम. आणि निरोप अडवलेल्यांत पुन्हा अंडीच अंडी. पुस्तकं बरोबर होती, माझा प्रबंध होणार होता! मी तिथल्या तिथे उड्या मारल्या.

दारात मामा उभे होते, हातात नातवाच्या औषधाची बाटली.

"झालं मोजून?"

"झालं, मामा! जमलं!"

"मंग आता देऊ?"

इतक्या आनंदात त्या उंदरांची मला आठवणसुद्धा झाली नव्हती. मी पिंजऱ्यांवरच्या पाण्याच्या बाटल्या एकेक करून काढल्या आणि मामांच्या हातात दिल्या.