ड्रिलवर मिलिंग करणारा नॉर्मन

नॉर्मन ओल्डरॉइडला स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. इंग्लंडातल्या कीथली गावच्या लोकरीच्या गिरणीत तो जन्मभर फिटर होता. निवृत्त झाला आणि परसातल्या लाकडी शेडमध्ये हातभर लांबीचं वाफेचं इंजिन बनवत बसला. बसला म्हणायचं आपलं. बायको विनी म्हणायची, "आमच्या माणसाच्या पायाला भिंगरी आहे, एवढंच की ती शेडबाहेर जात नाही."

शेडमधली सगळी दौलत म्हणजे एक जुनं पिलर ड्रिल, खांबावर बसवलेलं भोकं पाडायचं यंत्र. लोखंड तासून खाचा पाडणारं मिलिंग मशीन घ्यायची ऐपत नव्हती आणि ठेवायला जागाही नव्हती, म्हणून हा गडी ड्रिललाच मिलिंगला जुंपायचा. चकात, म्हणजे ड्रिलच्या पकडीत, कटर धरायचा, टेबलावर लोखंड आवळून धरणारा सरकता व्हाइस बसवायचा आणि ते लोखंड कटरखालून आडवं सरकवायचा. आता ड्रिलचं चक वर नुसतं रुतून बसलेलं असतं. त्याला ना बोल्ट ना पिन. भोक पाडताना दाब खालून येतो, तेव्हा ते अधिकच घट्ट होतं. पण कडेने मार बसायला लागला की सैल होतं, आणि निसटलं की फिरत्या कटरसकट खाली येतं. गावातल्या छोट्या इंजिनवाल्यांच्या मंडळात प्रत्येक जण हे दुसऱ्याला बजावून सांगायचा आणि घरी जाऊन स्वतः तेच करायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! नॉर्मनचं निभावत होतं, कारण तो एका वेळी कागदाच्या जाडीइतकंच लोखंड उतरवायचा आणि कान आवाजाकडे ठेवायचा. आवाज जाड झाला की हात थांबलाच.

त्या गुरुवारी विनीच्या पोटाचं ऑपरेशन होतं. "खडे असतील, नाहीतर दुसरं काही. उघडल्याशिवाय सांगता येत नाही," सर्जन म्हणाला होता. दुसरं काही म्हणजे काय, हे विचारायची छाती दोघांपैकी कुणालाच झाली नाही. विनीने आपलं खडेच ठरवून टाकलं. शेजारच्या हॉपवुडबाईंनी स्वतःचे खडे बरणीत घालून दिवाणखान्यात मांडले होते. "माझे तिच्याहून मोठे निघतात की नाही बघ," विनी जाताना म्हणाली.

वॉर्डच्या दारात सिस्टर क्रॅबट्री उभी होती. कडक इस्त्रीची बाई.

"भेटायची वेळ संध्याकाळी सात. त्याआधी नाही."

"पण ऑपरेशन तर सकाळीच..."

"सातच्या आधी राणीसाहेब आल्या तरी जिन्यातच उभ्या राहतील, मिस्टर ओल्डरॉइड. घरी जा, चहा प्या."

घरी येऊन त्याने चहा केला, तो गार झाला. दुसरा केला, तोही गार झाला. हॉपवुडबाईंनी आणून दिलेला मांस भरलेला पॅटिस तसाच ताटलीत राहिला. मागच्या दाराचं करकरणारं बिजागर त्याने तेल घालून गप्प केलं, आणि मग त्या शांततेनेच त्याचा जीव आणखी वरखाली व्हायला लागला. शेवटी तो शेडमध्ये गेला.

इंजिनाची चाकं जोडणाऱ्या पोलादी दांड्याला खाच पाडायची होती. कागदाएवढा एकेक पापुद्रा काढत गेलं तर संध्याकाळ सहज होणार होती, आणि त्याला तेच तर हवं होतं. पण हात ऐकेनात. एक फेरी, दुसरी फेरी, पोलाद होतं तेवढंच. त्याने कटर जरा खाली घेतला. मग आणखी जरा. आवाज जाड झाला. त्याला तो चांगला ऐकू आला. पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात 'दुसरं काही' हे दोनच शब्द घोळत होते आणि हात व्हाइसची मूठ फिरवतच राहिला.

चक निसटलं. टेबलावर वेड्यासारखं नाचलं आणि जाता जाता त्याचा डावा तळवा फाडून गेलं.

हॉपवुडबाईंच्या नवऱ्याने त्याला आपल्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. "ड्रिलवर मिलिंग करू नये, नॉर्मन," तो वाटभर सांगत होता. तोही मंडळातलाच.

टाके पडले, पट्टी झाली. खाली हॉपवुड गाडी पुसत वाट बघत होता आणि हा सरळ जिना चढून बायकांच्या वॉर्डशी गेला. सातला अजून बराच अवकाश होता.

"सिस्टर, मी भेटायला आलेलो नाही. मी आता पेशंट आहे."

"पेशंट आहात तर पुरुषांचा वॉर्ड खाली," ती म्हणाली. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "सर्जन आतच आहेत. या."

सर्जनने उभ्याउभ्याच सांगितलं. खडे नव्हते. सगळीकडे पसरलं होतं; काही न काढता परत शिवलं. "त्यांना इतक्यात काही सांगू नका. आम्ही नवऱ्यालाच सांगतो." तसाच रिवाज होता, आणि नॉर्मनला तो रिवाज मोडायचं सुचलंही नाही. त्याने मान हलवली.

विनी जागी होती, अर्धवट गुंगीत. त्याला बघून तिने आधी तोंडावर हात धरला.

"बघू नकोस रे, दात काढून ठेवलेत माझे. हाताला काय केलंस?"

"ड्रिल."

"मेल्या! एक दिवस, एक दिवस मी घरात नाही तर..." तिला दम लागला. "खडे निघाले ना?"

"निघाले की. मोठाले."

विनी समाधानाने डोळे मिटणार, एवढ्यात सिस्टर क्रॅबट्री भिंतीकडची खुर्ची उचलून घेऊन आली. आवाज न करता तिने ती पलंगाला लावली. "बसा, मिस्टर ओल्डरॉइड," ती म्हणाली, "हवं तितका वेळ बसा."

नॉर्मन बसला. विनीचे डोळे पुरते उघडले. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग पाठ फिरवून निघालेल्या सिस्टरकडे, आणि मग कितीतरी वेळ त्या खुर्चीकडे.

"नॉर्मन," ती म्हणाली, "खडे नव्हते ना रे?"