करवतीची दोरी

निजामाच्या राज्यात हर्सूलला आम्ही दोघं भाऊ करवतीनं ओंडके चिरायचो. थोरला वर उभा, मी खाली, डोळ्यांत भुसा घेत. पातं ताठ राहावं म्हणून करवतीच्या लाकडी चौकटीला दोरी असायची. तिला पीळ द्यायची जहागिरी त्याचीच.

"दादा, काम संपलं की पीळ सोडत जा. दोरी भिजली की आवळती," मी म्हणायचो.

"तू खालचा, खालीच बघ."

एका पावसात दोरी आवळली आणि चौकट मोडली. मीच धसमुसळा, असं त्यानं गावभर सांगितलं. वाटणी झाली तेव्हा पातं त्यानं घेतलं, मोडकी चौकट माझ्याकडं सरकवली. वर म्हणाला, "दोरी बी तूच घे. तुला तिच्यातलं लई कळतं."