नाक-डोळे शेवटी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाच किलो मटार सोलणं. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, उन्हात, जुन्या चादरीवर बसून. जानेवारीत इकडे मटार ढिगाने येतो आणि घरोघरच्या बायका तो सोलून फ्रीजमध्ये भरून ठेवतात. आमची ही साताऱ्याकडची, पण इथलं हे तिने बरोबर उचललं होतं. मी दहा शेंगा सोलायचो, त्यातल्या तीन शेंगांचे दाणे तोंडात टाकायचो.

ती म्हणाली, "बघतेय मी. तुमच्या वाटणीची उसळ तुम्ही आत्ताच खाल्लीत."

"मग जेवताना वाढू नकोस."

"नाहीच वाढणार."

वाढली. तिसऱ्या दिवशी दूध तापवताना छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचायच्या आत ती गेली. याहून जास्त त्यावर लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी लिहिलं नसतं.

मी चौथी शिकलेला माणूस. तेहतीस वर्षं दिल्लीत सरकारी गाडी चालवली, साहेब लोकांची. हात जोडून बोलायची सवय कधी लागली नाही, त्यामुळे तीन साहेबांनी मला बदलून मागितलं आणि दोन साहेबांनी परत मागून घेतलं. ही गेल्यावर मुलाने गाझियाबादच्या फ्लॅटला कुलूप लावलं आणि मला गुडगावला नेलं. नववा मजला. एका खिडकीतून काचेच्या इमारती, दुसऱ्या खिडकीतून मोहरीचं शेत, आणि मधे कायमचा खणलेला रस्ता. मुलगा त्या काचेच्या इमारतींपैकी एकीत कामाला. सून घरूनच काम करायची. लहान मुलांना कॉम्प्युटरवर दाखवायच्या गोष्टींसाठी ती पात्रं काढायची. बोलका टोमॅटो, रडका ढग, असलं काहीबाही. मला वाटायचं, एवढं शिकून पोरगी टोमॅटोला पाय काढते.

आणि नात. आजी गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. सुनेला काम असायचं म्हणून आमची ही महिन्यातले पंधरा दिवस गुडगावलाच राहायची. पोरगी तिच्याच हाताखाली वाढली.

हॉलमध्ये हिचा फोटो लावला होता, चंदनाचा हार घालून. मुलाच्या लग्नात स्टुडिओवाल्याने काढलेला. भरजरी साडी, नथ, तोंडाला पावडर, आणि त्याने "हलू नका" म्हटलं म्हणून श्वास धरून बसलेली. दिवाळीला वरच्या मजल्यावरच्या बाई मिठाई घेऊन आल्या. त्यांनी नातीला सहज विचारलं, "बेटा, ये कौन हैं?"

नातीने फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "ये? ये फोटोवाली आंटी हैं."

सुनेने मिठाईचा डबा उगाच उघडला आणि बंद केला. मला त्या दिवशी घास गेला नाही. पोरीची काही चूक नव्हती. तिने ती नथवाली बाई कधी बघितलीच नव्हती. पण मला कळून चुकलं की माणूस गेलं ते गेलंच, आता ते पोरीच्या डोक्यातूनही निघालंय. दर महिन्याला थोडं थोडं. ती पाचची होईल तोवर आजी नावाचं काही उरणार नव्हतं. तेवढं मला थांबवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सुनेला म्हटलं, "तुझ्या सासूचं चित्र काढ. पोरीला ओळखू येईल असं."

तिने चार वाजेपर्यंत काढलं. मी बघितलं. "ही कोण?"

"आई."

"ही अंगणवाडीची बाई आहे."

सून चिडली. जन्मापासून दिल्लीत वाढलेली, मराठी बोलते, पण राग आला की हिंदीवर जाते. "बाबा, मी त्यांना सहा साल बघितलं. तुम्ही चाळीस. तर तुम्हीच काढा ना यार!" मग तिने जीभ चावली. सासऱ्याला यार म्हणाली होती.

मी म्हटलं, "दे इकडे ती पाटी."

पाटी म्हणजे खरंच पाटी. काळी, सपाट. तिच्यावर बिनशाईचं पेन फिरवायचं आणि रेघ उमटते समोरच्या पडद्यावर. हात एकीकडे, नजर दुसरीकडे. सून म्हणाली, नवीन लोक इथेच अडकतात, आठ-आठ दिवस. मी अर्ध्या तासात सरळ रेघ मारून दाखवली. जन्मभर आरशात बघून गाडी मागे घेतली, मला काय कौतुक त्याचं! सुनेने तोंडाने नाही म्हटलं, पण तिची भुवई वर गेली. मला तेवढं पुरलं.

तिचे नियम कडक होते. रोज दुपारी पोरगी झोपली की एक तास. पहिला आठवडा फक्त तीन आकार. "सगळी माणसं यातूनच बनतात, बाबा. गोल माणूस प्रेमळ वाटतो. चौकोन म्हणजे भक्कम, जिद्दी. तिकोन म्हणजे तेज, कधी कधी बदमाश."

"त्रिकोण."

"शिकवतंय कोण?"

"तू."

"मग तिकोन."

नाक-डोळ्यांना तर बंदीच होती. मी एकदा चोरून दोन डोळे काढले, तिने येऊन पुसले. "नाक-डोळे शेवटी. आधी माणूस उभा करा." मग तिने थर शिकवले. एकावर एक काचा ठेवल्यासारखं असतं ते. अंग एका काचेवर, साडी दुसरीवर, डोकं तिसरीवर. साडीला धक्का न लावता डोकं सरकवता येतं. चुकलं तर एक बटण दाबलं की शेवटची रेघ परत जाते. मी ते बटण इतकं दाबलं की त्याच्यावरचं अक्षर पुसट झालं.

महिन्याभराने माझी आजी तयार झाली. मोठा गोल, त्यावर छोटा गोल, वर अंबाड्याचा आणखी छोटा. गोल चष्मा. मला ती फार आवडली. सुनेने बजावलं, "पोरीला विचारायचं नाही, ही आजी आहे का म्हणून. विचारलं की ती तुम्हाला खूश करायला हो म्हणेल. समोर ठेवा आणि गप्प बसा."

ठेवली. गप्प बसलो. नातीने बघितलं आणि मोठ्या समंजसपणे विचारलं, "ये किसकी आजी है?"

सून हसली नाही, हे तिचे उपकार.

वाईट याचं वाटलं की पोरगी बरोबर होती. आमची ही चष्मा लावायची नाही. अंबाडा घालण्याइतके तिचे केसच नव्हते, पातळ वेणी असायची. मग मी हे काढलं कुठून? सुनेच्या टोमॅटोच्या गोष्टीत जी आजी असते, ती काढली होती. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो आणि काढायला बसलो तर दुसऱ्याच कुणाची म्हातारी निघाली. मला स्वतःची इतकी चीड आली की दोन दिवस पाटीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सुनेनेच बोलावलं. "बाबा, हिला पूर्ण काळी करा."

"का?"

"करा तर. पात्र काळ्या सावलीतही ओळखू यायला पाहिजे. नाही आलं तर नाक-डोळे लावून काही फायदा नाही."

केली काळी. माठावर माठ ठेवल्यासारखी दिसत होती. मी त्या माठांकडे बघत बसलो, आणि मला एकदम मंत्रालयाचा पोर्च दिसायला लागला.

जानेवारीची सकाळ असो की संध्याकाळ, दिल्लीचं धुकं. पंचवीस-तीस गाड्या रांगेत. इमारतीतून साहेब लोक एकदम बाहेर पडायचे, सगळे काळ्या कोटात, सगळ्यांच्या हातात फायली. आपला साहेब पायरीवर यायच्या आत गाडी दारात लागली पाहिजे. चेहरा दिसेपर्यंत थांबलात तर संपलात. माझे एक साहेब डावा खांदा पाडून चालायचे. दुसऱ्यांचं पोट आधी बाहेर यायचं, साहेब मागाहून. एक बाईसाहेब मान अशी धरायच्या की जणू डोक्यावर घागर आहे. तेहतीस वर्षं मी हेच केलं, आणि एकदाही चुकीच्या साहेबासमोर गाडी लावली नाही.

मी सुनेला म्हटलं, "अगं, हे तर मला येतं."

"काय?"

"काळा माणूस ओळखणं. आधी सांगायचंस ना!"

सगळं पुसलं. पाटी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. रविवारच्या बाजारात ही हरवली की मी तिला कशावरून शोधायचो? तोंडावरून नाही. हिवाळ्यात ती माझी वर्दीची निळी जर्सी साडीवर घालायची. खांद्यापासून कमरेपर्यंत सरळ उतरलेली भिंत. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ही बाई गोल नव्हतीच कधी! ती चौकोन होती. प्रेमळ होती, पण चौकोनी प्रेमळ. मी चौकोन काढला. त्यावर लहान डोकं, जरा पुढे काढलेलं, भांडायला निघाल्यासारखं. खाली साडी, घोट्याच्या वर खोचलेली, आणि मोजे घालून वर चप्पल. डावा हात कमरेवर. उजवा हात सरळ पुढे, बोट दाखवणारा. बोट कशाकडे दाखवायची ते मला काही केल्या आठवेना, पण या घराच्या दारात ती अशीच उभी असायची, हे पक्कं होतं.

सून मागे येऊन उभी राहिली.

"तुझा तिकोन कुठे आहे बघ," मी म्हटलं. कोपर आणि कमर यांच्या मधली मोकळी जागा मी तिला दाखवली.

ती म्हणाली, "आता रंग भरा," आणि चहा टाकायला गेली. आमच्या चहाला अजून तासभर अवकाश होता.

रंग भरायला तीन दिवस लागले. जर्सीचा निळा सापडेना. नवा निळा नको होता, धुऊन धुऊन उडालेला हवा होता. मुलाने एकदा डोकावून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "बाबा, आईला असं जर्सीत काढणार? चप्पलमध्ये मोजे? किती छान साड्या होत्या तिच्या."

"साड्या कपाटात होत्या. आई जर्सीत होती."

"पण लोक बघतील..."

"लोकांसाठी फोटो आहे ना हॉलमध्ये. हार घातलेला."

तो गेला. मग सुनेने परवानगी दिली आणि मी नाक-डोळे काढले. दोन ठिपके, एक बारकी रेघ, आणि उजवी भुवई डावीपेक्षा जरा वर. बस. सव्वा महिना ज्याच्यासाठी तडफडत होतो, ते दोन मिनिटांत झालं.

सुनेने ते कागदांवर छापून आणलं, कागद जोडले आणि दाराच्या आत, भिंतीवर, पोरीच्या उंचीला चिकटवलं. बाराला प्लेस्कूलची गाडी यायची. मी सोफ्यावर बसलो. सून स्वयंपाकघराच्या दारात. मला घाम फुटला होता, खोटं कशाला सांगू. हे चुकलं असतं तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

पोरगी आली. दप्तर टाकलं. एक बूट काढला, दुसरा काढायला वाकली, आणि वर बघितलं.

तशीच थांबली. मग हळूच दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"जा रही हूँ ना, आजी!" ती कुरकुरली, आणि एका पायात बूट तसाच ठेवून बेसिनकडे पळाली. पाण्याचा आवाज आला. साबणाची डबी खाली पडली. परत आली ती कोपरापर्यंत ओली. कागदासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात उलटसुलट करून दाखवले. "देखो. धो लिए. दोनों."

तेव्हा मला कळलं, ती बोट बेसिनकडे दाखवायची.

सून रडत होती. मी नव्हतो. मी सोफ्यावरून उठलो आणि उगाच हॉलभर दोन चकरा मारल्या, छाती पुढे काढून. साहेबांना घेऊन मोठमोठ्या फाटकांतून आत गेलोय, सलाम झडलेत, पण ते गाडीला होते. हे माझं होतं. पन्नास वर्षांनी पाटी हातात धरली आणि पास झालो! सुनेला म्हटलं, "बघितलंस? नाव नाही विचारलं, काही नाही. सरळ ऑर्डर पाळली." ती नाक पुसत हसायला लागली.

संध्याकाळी मुलगा आला. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि त्या बोटासमोर बॅग घेऊन उभा राहिला. मी बघत होतो. त्याने बूट काढले आणि गपचूप बेसिनवर गेला.

"साड्या छान होत्या म्हणत होतास ना?" मी ओरडून विचारलं.

"बाबा, पुरे!" आतून आवाज आला.

जेवताना नात मधेच थांबली. चमचा दाराकडे करून म्हणाली, "दादाजी, आजी कब तक खड़ी रहेगी? थक जाएगी. बिठाओ ना."

सून म्हणाली, "बैठी पोज कठीण असते, बाबा. चौकोन वाकत नाही. आधी गोलाची शिकवते तुम्हाला."

"गोल नको," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातलं कुणी उठायच्या आत मी मशीन सुरू केलं, पहिल्यांदाच एकट्याने. दोन बटणं चुकली, तिसरं लागलं. कोरं पान उघडलं आणि निळा चौकोन खाली आणून टेकवला. खुर्ची काढायचं काम वाचलं. ती जमिनीवरच बसायची, एक गुडघा उभा, एक आडवा. मी उभ्या गुडघ्यापासून सुरुवात केली.