कापलेल्या आकृत्या

पडद्यावर आकृती नव्हती. नुसती एक पट्टी होती. टाकीचा तळ, दोन पाइप, एका बाणाचं शेपूट. बाकी सगळं कापलेलं.

साहेबांनी पुढचं पान काढलं. तिथंही पट्टी. त्याच्या पुढच्या पानावरही तेच. समोर बडोद्याबाहेरच्या, बाजव्याकडच्या एका कारखान्याचे लोक बसले होते. आमच्या ऑफिसनं हा अहवाल त्यांच्यासाठी केला होता. त्यांतला एक हसला. मी साहेबांच्या खुर्चीजवळ गेले आणि काय झालंय ते हळूच सांगितलं. साहेबांनी मान वळवली आणि तितक्याच हळू, मराठीत म्हणाले, "तुमच्या लोकांना नेमकेपणाची सवयच नसते."

खोलीत मराठी फक्त आम्हा दोघांना कळत होतं. बाकीचे सगळे गुजराती. त्यांना वाटलं, साहेब काहीतरी काम सांगतायत.

माझं काम हेच. इंजिनियर लोक त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आकृत्या काढतात, मी त्या वर्डच्या अहवालात आणून बसवते. आणताना त्या बिघडतात. अक्षरांच्या जागी चौकोन येतात. बाण सुटतात. अर्धी आकृती पानाबाहेर जाते. दिवसभर मी त्यांना जागेवर आणत बसते. डोळे चुरचुरतात. घरी गेल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नाही.

आदल्या दिवशी सगळ्या आकृत्या धड होत्या. मी छापून पाहिल्या होत्या. पानं फार होतायत म्हणून साहेबांनी नंतर सगळा मजकूर एकदम निवडून ओळींमधलं अंतर आवळलं. आकृती ओळीत बसवलेली असली की मग तीही ओळीएवढीच दिसते. मी त्यांना एवढंच सांगायला गेले होते.

तुमच्या लोकांना.

साहेबांचं घराणं बडोद्यातलं जुनं. पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. आता बंगला कारेलीबागेत. मुलाखतीत मी मराठी आहे म्हटल्यावर ते खूश झाले. "वा, म्हणजे आपल्यातलीच." मग आडनाव विचारलं. मग मूळ गाव. मग वडील काय करतात. बाबा ठेकेदाराकडे गटारं साफ करायचे. मी तेच सांगितलं. नोकरी मिळाली, पण 'आपल्यातली' हा शब्द पुन्हा आला नाही. दिवाळीला त्यांनी सगळ्या ऑफिसला घरी फराळाला बोलावलं. मला एक फाइल पुरी करायला बसवलं. मी 'पानी' म्हटलं की सगळ्यांदेखत सुधारायचे, 'पाणी'. मी शिकले. मग घरी आईशीही तसंच बोलायला लागले. आई नुसती बघत राहायची.

त्या दिवशी साहेब कारखान्याच्या लोकांकडे वळून गुजरातीत म्हणाले, बेनची चूक झाली आहे, बेन माफी मागतील.

मी उभीच होते. राग आला असंही नाही. गिळून गिळून थकले होते. अजून एक घास जाणार नव्हता. एवढंच.

मी गुजरातीत म्हणाले, "साहेबे हमणां मने मराठीमां कह्युं के तमारा लोकोने चोकसाईनी टेव ज नथी होती."

साहेबांचंच वाक्य. जसंच्या तसं. आता ते सगळ्यांना कळलं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे जिग्नेशभाई रोज माझ्या डब्यातली चटणी खातात. ते मोबाइल बघायला लागले. मघाशी हसलेल्या माणसानं विचारलं, "कया लोको?"

कोणते लोक. प्रश्न मला नव्हता. मी साहेबांकडे पाहिलं.

साहेब म्हणाले, गैरसमज झालाय, मराठीत त्याचा अर्थ जरा वेगळा होतो.

"ए ज थाय छे," मी म्हणाले. तोच होतो.

मी बसून अंतर सैल केलं. आकृत्या पूर्ण दिसायला लागल्या. टाक्यांवर, पाइपांवर चर्चा झाली. चहा आला. ज्यानं प्रश्न विचारला होता त्यानंही पुन्हा विचारलं नाही.

आता अहवालांचं काम माझ्याकडे नाही. झेरॉक्स मशीनजवळ टेबल दिलंय. जुने कागद स्कॅन करते. साहेब माझ्याशी बोलत नाहीत, निरोप पाठवतात. जिग्नेशभाई जिन्यात थांबवून म्हणाले, "एक सॉरी कही दो ने, बेन." चांगल्या मनानंच म्हणाले. आईही म्हणते, मोठ्या माणसांशी कशाला लागतेस, नोकरी सांभाळ.

मी सॉरी म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही. राजीनामाही देणार नाही. सकाळी बस पकडते, मशीन सुरू करते, कागद लावते. त्यांना मला काढायचं असेल तर काढावं. पण का काढतायत ते त्यांना सगळ्यांसमोर बोलावं लागेल. मोठ्यानं. ते बोलेपर्यंत मी इथून उठणार नाही.